आधी अंधार कोणाच्या वाट्याला?

'सार्वजनिक वस्तू' ही अर्थशास्त्रातील संकल्पना शिकवताना मी दरवर्षी राष्ट्रीय वीजजाळ्याचे उदाहरण देतो. यंदा बाळापूर तालुक्यातून येणारा एक विद्यार्थी मध्येच उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आमच्या वावरातून टॉवरची मोठी लाईन गेली. घरून पारसची चिमणी दिसते. मंग आमच्या मोटरले लाईन राती बारा वाजता काऊन येते?" वर्ग हसला. मीही हसलो आणि तास संपल्यावर बोलू असे म्हणालो. आम्हा प्राध्यापकांची ही जुनी युक्ती आहे. परंतु तास संपल्यावरही मला त्याला नीट उत्तर देता आले नाही, आणि तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला.

या प्रश्नाला वऱ्हाडात एक तयार उत्तर आहे : कोळसा आमचा, राख आमची, उजेड मात्र मुंबई-पुण्याचा. या उत्तरामागील वेदना खोटी नाही. १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेषाचा हिशेब मांडला, तेव्हा ज्या क्षेत्रांचा मागासलेपणा तिने मोजला, त्यांत ग्रामीण विद्युतीकरणही होते. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, तिरोडा, पारस ही औष्णिक केंद्रे विदर्भात आहेत. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे १,३५० मेगावॉटचा खासगी प्रकल्प उभा राहिला, तेव्हा सिंचनासाठी बांधलेल्या अप्पर वर्धा धरणाचे पाणी त्याला का द्यावे, यावरून मोठे आंदोलन झाले होते. हे सारे मान्य करूनही, वीज 'आमची' किंवा 'त्यांची' असते ही कल्पना भौतिकशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही, हे सांगणे भाग आहे.

वीज मोठ्या प्रमाणावर साठवणे अजूनही महाग आहे. म्हणून ज्या क्षणी ती खर्च होते त्याच क्षणी ती निर्माण व्हावी लागते. जाळ्याला जोडलेली सारी जनित्रे एकाच तालात, सेकंदाला ५० आवर्तने या वारंवारितेने फिरतात. एकाच जुवाला जुंपलेल्या बैलांपैकी एक अडखळला की त्याचा भार दुसऱ्यावर येतो, तसेच येथे होते. मागणी वाढली की सर्व जनित्रे किंचित मंदावतात, घटली की वेग घेतात. पारसमध्ये निर्माण झालेली वीज ठरवून मुंबईला जात नाही. ती वाटेत जिथे गरज भेटेल तिथे खर्च होते, बहुधा अकोल्याच्या जिनिंग-प्रेसिंगमध्येच. मुंबईला जातो तो कागदावरचा करार. तेव्हा माझ्या विद्यार्थ्याची तक्रार विजेविषयी असली, तरी त्याच्या तक्रारीचे मूळ विजेत नाही. ते तिच्या वाटपाच्या नियमांत आहे, आणि हे नियम माणसांनी केलेले आहेत.

हे जाळे एका दिवसात विणले गेले नाही. एके काळी शहरांतील दिवे तेवढे खासगी कंपन्यांच्या जनित्रांवर जळत आणि खेडी अंधारात असत. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढल्याच वर्षी पारसला ३० मेगावॉटचा एक संच सुरू झाला. आज हा आकडा क्षुल्लक वाटतो. आता तेथे प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. विद्युत मंडळाचे २००५ साली विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या झाल्या, हे वाचकांना ठाऊक आहेच. राष्ट्रीय पातळीवर १९९१ साली पूर्व व ईशान्य विभाग जोडले गेले, २००३ साली पश्चिम विभाग त्यांना मिळाला, २००६ साली उत्तर. दक्षिण विभाग ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने या तालात सामील झाला. काश्मीर ते कन्याकुमारी एकच वारंवारिता, हे भारतीय अभियंत्यांचे कर्तृत्व आहे आणि त्याचे कौतुक आपल्याकडे व्हावे तितके झालेले नाही.

परंतु एकत्र येण्यात जसे बळ आहे, तसा धोकाही आहे. ३० आणि ३१ जुलै २०१२ या दोन दिवसांची आठवण त्यासाठी पुरेशी आहे. मध्य प्रदेशातील बीना येथून ग्वाल्हेरमार्गे आग्ऱ्याकडे जाणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या दोन वाहिन्यांपैकी एक दुरुस्तीसाठी बंद होती. तीही अधिक उच्च दाबाची करण्यासाठी, म्हणजे आधुनिकीकरणासाठीच! उत्तरेकडील राज्ये ठरल्यापेक्षा अधिक वीज ओढत होती आणि पश्चिमेकडील राज्ये ठरल्यापेक्षा कमी घेत होती, त्यामुळे उरलेल्या एका वाहिनीवर प्रचंड भार आला. वाहिनीत कोणताही बिघाड झालेला नव्हता. तिच्या संरक्षक उपकरणाने त्या भारालाच बिघाड समजून तिला तोडले, आणि मग एकामागून एक वाहिन्या तुटत गेल्या. पहिल्या दिवशी उत्तर विभाग, दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन विभाग अंधारात गेले. सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशातील वीज गेली. पश्चिम विभाग त्या वेळी वेगळा पडला आणि तगला. वऱ्हाडात त्या दिवशी पंखे फिरत होते. चौकशी समितीने जे सांगितले त्याचा आशय असा, की जाळे कोसळू लागले असता मागणीचा काही भाग आपोआप तोडून उरलेले वाचवणारी उपकरणे अनेक ठिकाणी अपेक्षेप्रमाणे चाललीच नाहीत.

येथे आपण मूळ प्रश्नाच्या जवळ येतो. वीजजाळ्याचे संरक्षण म्हणजे नेमके काय? सामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर काटेरी कुंपण, पहारेकरी, अलीकडे संगणकातील घुसखोर असे चित्र येते. तेही खोटे नाही. पण जाळ्याचे खरे संरक्षण दोनच गोष्टींनी होते. एक म्हणजे राखीव क्षमता; एखादा संच बंद पडला, एखादी वाहिनी तुटली, तरी तिची जागा घेणारी दुसरी तयार असणे. आणि ती राखीव क्षमता अपुरी पडली, तर मागणीचा एक तुकडा कापून टाकणे. वारंवारिता ४९.४ हर्ट्झच्या खाली घसरली की, कोणालाही न विचारता, टप्प्याटप्प्याने काही वाहिन्या तोडणारी उपकरणे उपकेंद्रांत बसवलेली असतात. कोणत्या वाहिन्या तोडायच्या, हे आधीच ठरलेले असते. रुग्णालये, रेल्वे, पाणीपुरवठा, मोठे कारखाने, जिल्ह्याची ठिकाणे वगळत वगळत ही यादी करायला बसले, तर शेवटी कागदावर काय उरते, हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको.

राखीव क्षमतेचे मोल देशाने एकदा डोळ्यांनी पाहिले आहे. ५ एप्रिल २०२० रोजी टाळेबंदीच्या काळात रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातले दिवे मालवण्याचे आवाहन झाले. मागणी सुमारे १२-१३ हजार मेगावॉटने घटेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात ती ३१ हजारांनी घटली आणि लगेच पुन्हा वर आली. जलविद्युत केंद्रांची निर्मिती आधी सुमारे २५ हजार मेगावॉटपर्यंत चढवून ठेवली होती. ती काही मिनिटांत आठ हजारांपर्यंत उतरवण्यात आली, मग पुन्हा चढवली गेली. कोळशाच्या संचाला अशी चपळाई जमत नाही. त्याला तापायला आणि निवायला तास लागतात. पाण्याच्या दाराला मिनिटे पुरतात. आपण गच्चीवर पणत्या लावत होतो, तेव्हा भारप्रेषण केंद्रांतील अभियंत्यांनी कोणत्या मनःस्थितीत ती नऊ मिनिटे काढली असतील, याची कल्पना त्या रात्री कितीजणांनी केली?

राखीव क्षमता म्हणजे बहुतेक वेळ रिकामी बसलेली क्षमता. जमाखर्चाच्या वहीत ती उधळपट्टी दिसते. बियाण्यासाठी राखून ठेवलेली ज्वारी दुष्काळाच्या वर्षी घरातल्या सुनेला जशी दिसते, तशीच ती वित्तखात्याला दिसते. कोणत्याही एका राज्याला, एका कंपनीला ती विकत घेण्याची ओढ नसते, कारण जाळे वाचले तर ते सर्वांसाठी वाचते आणि खर्च मात्र एकट्याच्या माथी येतो. विद्यार्थ्यांना मी याला 'फुकट्या प्रवाशाचा प्रश्न' म्हणून शिकवतो. गेल्या शतकाच्या अखेरीस गर्दीच्या वेळी वारंवारिता ४८ हर्ट्झपर्यंत घसरत असे, ती याच कारणाने. जुलै २००२ पासून पश्चिम विभागात ठरल्यापेक्षा अधिक ओढलेल्या विजेची किंमत वारंवारितेशी बांधली गेली. वारंवारिता जितकी खाली, तितका दर चढा. बाजाराच्या या छडीने जी शिस्त आणली, ती परिपत्रकांनी आणली नव्हती. २०१६ पासून राखीव क्षमतेला स्वतंत्र मोबदला देण्याची पद्धतही केंद्रीय पातळीवर सुरू झाली. परंतु मागणी त्याहून वेगाने वाढते आहे. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी अडीच लाख मेगावॉटवर गेली. वैशाखात अकोला ४५ अंशांवर तापते तेव्हा वातानुकूलन यंत्रे आणि कूलर यांचा भार चढतो, तारा तापून खाली झोळ घेतात आणि रोहित्रांना रात्रीही निवायला सवड मिळत नाही.

मग पुरेशी राखीव क्षमता विकत न घेता आपण इतकी वर्षे जाळे सांभाळले कसे? माझे उत्तर कटू आहे. आपण शेतकऱ्याचा अंधार राखीव क्षमता म्हणून वापरला. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत राज्यातील विभागांचे गट पाडले गेले. जेथे विजेची हानी अधिक आणि वसुली कमी, तेथे अंधाराचे तास अधिक. मुंबई या साऱ्यातून जवळजवळ मुक्त होती. ग्रामीण भागात बारा-बारा तास वीज नसे. हिशेबाच्या दृष्टीने त्या नियमात तर्क होता, हे मी नाकारत नाही. पण वेळेवर बिल भरणारा शेतकरीही आपल्या थकबाकीदार शेजाऱ्याबरोबर अंधारात बसत होता. भारनियमन ओसरले, तरी कृषिवाहिन्यांना काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री आठ-दहा तास वीज देण्याची पाळी चालू राहिली. ही पाळी शेतीच्या सोयीची नव्हे. दिवसाची आणि रात्रीची मागणी समतल करून जाळे स्थिर ठेवण्याचे ते सर्वांत स्वस्त साधन आहे.

माझा चुलतभाऊ वरूडजवळ संत्र्याची बाग राखतो. रात्रीची पाळी असली की साडेअकराला तो बॅटरी आणि काठी घेऊन निघतो. रानडुकरांची भीती, पायाखाली सापाची भीती. पाणी कोणत्या आळ्यात चालले आहे ते अंधारात दिसत नाही, त्यामुळे एका झाडाला दुप्पट आणि दुसऱ्याला थेंब नाही. एका रात्री मीही त्याच्याबरोबर गेलो होतो. मोटर चालू झाली आणि विसाव्या मिनिटाला डीपीवर ठिणगी उडून सारे शांत झाले. पुढे ती डीपी बदलून यायला कित्येक दिवस लागले. त्या काळात बागेचा आंबिया बहार गळाला. राष्ट्रीय वीजजाळ्याच्या कोणत्याही अहवालात त्या बहाराची नोंद होणे शक्य नाही, कारण ७६५ किलोव्होल्टच्या भाषेत ती घटना घडलेलीच नाही.

याच्याशेजारी १२ ऑक्टोबर २०२० ठेवून पाहावे. त्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकलगाड्या जागीच थांबल्या. बहुतेक पुरवठा काही तासांत परत आला, तरी देशभर खळबळ उडाली, चौकशा झाल्या. २०२१ साली राज्याच्या गृहमंत्र्यांनी संगणकीय घातपाताचा संशय व्यक्त केला, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचे म्हटले. घातपाताची शक्यता हसण्यावारी नेण्यासारखी नाही. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनमध्ये घुसखोरांनी वितरण कंपन्यांच्या संगणकांचा ताबा घेऊन सव्वादोन लाख ग्राहकांना अंधारात लोटले होते. तेथील कर्मचारी उपकेंद्रांवर जाऊन हाताने खटके बसवू शकले, म्हणून काही तासांत वीज आली. आपण जसजशी माणसे काढून उपकेंद्रे दुरून चालवू लागलो आहोत, तसतसा हा हाताचा मार्ग अरुंद होतो आहे, इकडे लक्ष वेधावेसे वाटते.

मुंबईसाठी १९८१ पासून एक योजना आहे. बाहेरचे जाळे कोसळले तर शहर बेटासारखे अलग व्हावे आणि स्वतःच्या केंद्रांवर तगावे. २०२० साली ती अपुरी पडली आणि म्हणूनच तिची चर्चा झाली. पारसच्या आधारावर अकोल्याचे असे बेट करता येईल का, हा प्रश्न विचारणारे या भागात मला कोणी भेटलेले नाही. येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. औष्णिक केंद्र पूर्ण अंधारात स्वतःहून सुरू होऊ शकत नाही. त्याचे पंप, पंखे, कोळसा दळणाऱ्या चक्क्या यांनाच वीज लागते. सारे जाळे विझले तर पहिली ठिणगी कोयनेसारख्या जलविद्युत केंद्राकडून यावी लागते. माझ्या विद्यार्थ्याच्या घरून दिसणारी चिमणी त्या दिवशी सह्याद्रीतल्या पाण्याची वाट पाहत असेल. 'आमची वीज' म्हणणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे.

आता त्याच्या वावरातील टॉवरविषयी. तिरोड्याहून कोराडी, अकोला करीत औरंगाबादेकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे, जाणारी ७६५ किलोव्होल्टची वाहिनी याच प्रदेशातून जाते. वाहिनीसाठी जमीन संपादित केली जात नाही. १८८५ च्या तार कायद्यातील अधिकार वापरून टॉवर उभे केले गेले, मालकी शेतकऱ्याचीच राहिली. परंतु एवढ्या दाबाच्या वाहिनीखाली साठ-पासष्ट मीटर रुंदीच्या पट्ट्यात उंच झाड वाढू देता येत नाही, घर बांधता येत नाही. २०१५ साली केंद्राने टॉवरच्या पायाखालील जमिनीला मूल्याच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला कमाल १५ टक्के मोबदल्याची सूचना केली. २०२४ मध्ये ती अनुक्रमे २०० व ३० टक्के झाली. सुधारणा मोठी आहे, यात वाद नाही. तरीही हा मोबदला एकदाच मिळतो, आणि वाहिनी त्याच्या नातवापर्यंत राहणार आहे. जाळ्याच्या सुरक्षिततेत त्याचा जमिनीच्या रूपाने कायमचा वाटा असेल, तर त्याला वार्षिक भाडे का मिळू नये?

सौरऊर्जेने या साऱ्या चित्रात एक अनपेक्षित संधी आणली आहे. आता दुपारी वीज मुबलक आणि संध्याकाळी तुटवडा, अशी स्थिती होऊ लागली आहे. म्हणजे शेतकऱ्याला दिवसा वीज देणे हा उपकार राहिला नसून जाळ्याचीच गरज झाली आहे. गावाजवळच्या उपकेंद्राला सौरप्रकल्प जोडून कृषिवाहिन्या दिवसा चालवण्याची राज्याची योजना २०१७ मध्ये सुरू झाली, २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे. माझ्या मते महाराष्ट्रातील जाळ्याचे याहून शहाणे आधुनिकीकरण दुसरे नाही. मात्र तीन गोष्टी विसरून चालणार नाहीत. वरूड-मोर्शीत भूजलाचा उपसा मर्यादेपलीकडे गेलेला आहे. तेथे दिवसा आणि २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत फुकट मिळणारी वीज बोअर आणखी खोल नेईल. दुसरे, फुकट विजेने शेतकऱ्याचा आवाज क्षीण होतो. जो बिल भरत नाही, त्याने डीपीसाठी भांडायचे कोणत्या तोंडाने, असे त्याला ऐकवले जाते. तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या वागण्याची आहे. मोटरला लावलेल्या ऑटोस्विचमुळे वीज येताक्षणी शिवारातील सर्व पंप एकदम सुरू होतात आणि डीपी जळते. कपॅसिटर लावला तर दाब सुधारतो, पण तो शेजाऱ्याचाही सुधारतो, म्हणून कोणीच लावत नाही. २०१२ साली राज्यांनी जे केले, तेच आपण एका डीपीवर रोज करतो. माझ्या भावाच्या मोटरलाही ऑटोस्विच आहे. या विषयावर आमचे दोनदा वाजले आहे.

सूर्यप्रकाशाच्या भरवशावरचे जाळे सांभाळणे सोपे नाही, हे स्पेनने दाखवले. २८ एप्रिल २०२५ रोजी भर दुपारी विजेचा दाब अनावर वाढून काही सेकंदांत सारा स्पेन आणि पोर्तुगाल विझला. शेजारच्या फ्रान्स व मोरोक्कोकडून आणि जलविद्युत केंद्रांकडून आधार घेत तेथे वीज परत आणावी लागली. श्रीमंत देशांचीही ही स्थिती आहे. आपल्याकडे गावोगावी सौरप्रकल्प जोडले जातील, पावसाळ्यात पंप बंद असतील आणि दुपारची वीज उलट्या दिशेने उपकेंद्रात येईल, तेव्हा दाब आवरणारी उपकरणे आणि ती समजणारी माणसे अकोट-तेल्हाऱ्याच्या उपकेंद्रांतही लागतील. सारा पैसा उंच टॉवरवर आणि घराघरांतील मीटरवर खर्च झाला, तर मधल्या उपकेंद्राला काय उरणार? मेळघाटातील धारणी भागाला वर्षानुवर्षे वीज मिळत आली, ती मध्य प्रदेशातील नेपानगरकडून. जंगल आणि डोंगर ओलांडण्यापेक्षा तो मार्ग सोपा होता. असा एकाच दोरीवर टांगलेला प्रदेश, ती दोरी तुटली की जाळ्यात असूनही जाळ्याबाहेर असतो.

शासनाकडे आणि वीज नियामक आयोगाकडे माझी मागणी छोटी आहे आणि तिला फारसा खर्च नाही. जाळे संकटात आले तर कोणत्या वाहिन्या कोणत्या क्रमाने तोडल्या जातील, ती यादी प्रत्येक तालुक्यात जाहीर करावी. क्रम दरवर्षी फिरता ठेवावा, जेणेकरून तीच गावे दरवेळी पहिली येणार नाहीत. ज्या वाहिनीचा अंधार राखीव म्हणून वापरला गेला, त्या वाहिनीवरील ग्राहकांना त्या तासांचा मोबदला मिळावा, जसा तो राखीव ठेवलेल्या संचाच्या मालकाला मिळतो. अभियंते म्हणतील की अशी यादी गुप्त असणेच सुरक्षिततेच्या हिताचे. कोणत्या उपकेंद्रात कोणते उपकरण बसवले आहे, हे खुशाल गुप्त ठेवावे. पण आपला क्रमांक कितवा, एवढे जाणण्याचा ग्राहकाचा अधिकार त्यामुळे हिरावला जाण्याचे कारण नाही.

हे सारे मी त्या विद्यार्थ्याला गेल्या सोमवारी सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, की अशी यादी लागली तर ती ग्रामपंचायतीत लागेल की तहसिलीत. तहसिलीत जायचे तर त्याचा एक दिवस मोडतो, आणि या आठवड्यात त्याच्याकडे रात्रीची पाळी आहे.